जहाजाची पत : एकोणिसाव्या शतकातील लाकडी जहाजांची पाहणी आणि डागडुजी

एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळात जगाचा सागरी व्यापार लाकडी शिडाच्या जहाजांवर चालत असे. अशा जहाजाची दुरुस्ती करायची की नाही, करायची तर किती आणि कोणाच्या खर्चाने, हे सुताराच्या वाकस-करवतीवर जितके अवलंबून असे, तितकेच विमेकऱ्यांच्या आणि मालकांच्या हिशेबावरही अवलंबून असे. लाकडी जहाज हजारो तुकड्यांचे बनलेले असते आणि त्यांतील बहुतेक तुकडे एकमेकांआड दडलेले असतात. जहाजावर पैसा लावणारा माणूस मात्र लंडनमध्ये, लिव्हरपूलमध्ये किंवा मुंबईत बसलेला असे आणि ते जहाज त्याने अनेकदा डोळ्यांनीही पाहिलेले नसे. न दिसणाऱ्या लाकडाची अवस्था न पाहिलेल्या माणसाला विश्वासार्ह रीतीने कळवण्याच्या गरजेतून जहाज-सर्वेक्षकाचा पेशा घडला, आणि त्या शतकातील डागडुजीची पद्धत या पेशाने घालून दिलेल्या नियमांप्रमाणे वळत गेली.

अक्षरांत मोजलेली प्रत

लंडनमधील एडवर्ड लॉइड यांनी सुरू केलेल्या कॉफीगृहात जमणाऱ्या विमेकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी १७६० मध्ये जहाजांची नोंदवही ठेवणारी एक संस्था स्थापन केली. तिची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी वही १७६४ ची आहे. तीत जहाजाच्या सांगाड्याची प्रत ए, ई, आय, ओ, यू या पाच इंग्रजी स्वरांनी, तर डोलकाठ्या, दोरखंड, नांगर इत्यादी सरंजामाची प्रत ‘चांगला’, ‘मध्यम’ आणि ‘वाईट’ या अर्थांच्या अक्षरांनी दाखवलेली आढळते. पुढे सरंजामासाठी अक्षरांऐवजी अंक आले आणि १७७५-७६ च्या वहीत ‘ए१’ ही खूण प्रथम दिसू लागली. ‘ए१’ म्हणजे सांगाडा उत्तम आणि सरंजामही उत्तम. या दोन चिन्हांवर विम्याचा दर ठरे, मालाचे भाडे ठरे आणि जहाज विकायला काढले तर त्याची किंमतही ठरे.

प्रत कोणत्या निकषावर द्यायची, हा प्रश्न मात्र लवकरच वादाचा झाला. १७९७-९८ पासून विमेकऱ्यांच्या वहीने जहाज कोठे बांधले आणि त्याला किती वर्षे झाली, या दोनच गोष्टींवर प्रत ठरवण्यास सुरुवात केली. त्यात थेम्स नदीकाठी बांधलेल्या जहाजांना झुकते माप मिळे आणि ठरलेली वर्षे संपली की जहाज कितीही नीट राखलेले असले तरी त्याची पहिली प्रत जाई. चिडलेल्या जहाजमालकांनी १७९९ मध्ये स्वतःची वेगळी वही काढली. बांधणीच्या रंगावरून मालकांची वही ‘लाल’ आणि विमेकऱ्यांची वही ‘हिरवी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ठिकाण आणि वय पाहणाऱ्या या नियमाचा डागडुजीवर झालेला परिणाम अधिक गंभीर होता, कारण चांगली दुरुस्ती करूनही गेलेली प्रत परत मिळणार नसेल, तर मालकाने त्या दुरुस्तीवर पैसा घालण्याचे कारणच उरत नव्हते. जहाज स्वस्तात बांधायचे, पहिल्या प्रतीची वर्षे संपेपर्यंत वापरायचे आणि नंतर जमेल तसे रेटायचे, हाच व्यवहार मालकाला परवडणारा ठरू लागला.

अखेर १८३४ मध्ये दोन्ही वह्या एकत्र येऊन लॉइड्स रजिस्टर ही संस्था नव्या स्वरूपात उभी राहिली आणि तिच्या नियमांनी हा दोष दूर केला. जहाज कोणत्या लाकडाचे आहे आणि बांधणी कशी आहे, यांवरून आता पहिल्या प्रतीची मुदत वर्षांत ठरू लागली. इंग्लिश ओक आणि हिंदुस्थानी सागवान यांसारख्या लाकडांना १२ वर्षांपर्यंत मुदत मिळे, तर उत्तर अमेरिकेतील मऊ लाकडाच्या जहाजांना तिच्याहून बरीच कमी मिळे. मुदत संपल्यावर जहाज उघडून सखोल तपासणी करून घेतली आणि सांगितलेली दुरुस्ती केली, तर मूळ मुदतीच्या काही अंशाइतकी वाढ मिळू शके. प्रत गमावलेले जहाजही अधिक कडक अटी पाळल्यास पुन्हा पहिल्या प्रतीत बसवता येई. तसे न केल्यास जहाज खालच्या प्रतीत उतरे. तेथे समुद्राच्या पाण्याने खराब न होणारा माल दूरवर नेण्याची किंवा केवळ जवळच्या सफरी करण्याची लायकी त्याच्या नावापुढे लिहिली जाई. चहा, साखर किंवा कापड नेणाऱ्या व्यापाऱ्याने अशा जहाजाला माल देणे टाळले, की मालकाच्या हाती कोळसा, इमारती लाकूड किंवा ग्वानो, म्हणजे खतासाठी वापरली जाणारी समुद्रपक्ष्यांची विष्ठा, वाहण्याचे काम तेवढे उरे.

लाकूड कशाने खंगते

सर्वेक्षक काय शोधत असे, हे समजण्यासाठी जहाजाची रचना आणि तिचे शत्रू थोडक्यात पाहिले पाहिजेत. तळाशी लांबच लांब कणा असतो, ज्याला कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावर पठाण म्हणतात. त्यावर आडव्या बसवलेल्या वक्र लाकडांच्या बरगड्या उभ्या राहतात आणि त्यांवर बाहेरून व आतून फळ्यांचे दोन थर ठोकलेले असतात. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या तुळयांवर डेक टेकतो आणि तुळई व बरगडी यांच्या कोनात लाकडी किंवा लोखंडी कोनी आधार बसवतात. फळ्या बरगड्यांना मुख्यतः लाकडी मेखांनी आणि धातूच्या सळयांनी जखडलेल्या असतात. फळ्यांच्या दोन थरांमधील बरगड्यांची पोकळी जहाज बांधून झाल्यावर सहसा दिसत नाही आणि नेमक्या याच पोकळीत जहाजाचे आयुष्य ठरते.

पहिला शत्रू म्हणजे बुरशीमुळे होणारी कुज. ती खाऱ्या पाण्यापेक्षा डेकच्या फटींतून झिरपणाऱ्या पावसाच्या गोड्या पाण्याने आणि कोंडलेल्या हवेने अधिक वाढते. त्यामुळे तुळयांची टोके, डेकच्या कडेची लाकडे आणि नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, मागची सांदी येथे ती आधी शिरते. पुरेसे न वाळलेले लाकूड घाईने वापरल्यास जहाज समुद्रात जाण्याआधीच कुजू लागे. १८१० मध्ये जलावतरण झालेल्या ‘क्वीन शार्लट’ या ब्रिटिश युद्धनौकेची अशी गत होऊन तिला सेवेत घेण्यापूर्वीच मोठी दुरुस्ती करावी लागली. ही कुज रोखण्यासाठी उत्तर अमेरिकेतील बांधकाम करणारे बरगड्यांमधील पोकळीत मीठ भरत असत, कारण मीठ विरघळून लाकडात मुरले की बुरशीला तग धरणे कठीण जाते.

दुसरा शत्रू म्हणजे टेरेडो हा जहाजकिडा. तो नावाने किडा असला तरी प्रत्यक्षात शिंपल्याच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे. डोक्याकडील छोट्या कवचांनी तो लाकूड कोरतो आणि बोगद्याला चुनखडीचे अस्तर देत पुढे सरकतो. तो शिरतो ते छिद्र टाचणीच्या डोक्याएवढेच राहते, त्यामुळे वरून धड दिसणारी फळी आतून पोखरलेली असू शकते. उष्ण समुद्रांत त्याचा उपद्रव विशेष असल्यामुळे तळावर तांब्याचे पत्रे ठोकण्याची रीत रुळली.

तांब्याने मात्र तिसरा शत्रू जन्माला घातला. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ नावाच्या नौकेवर तांब्याच्या पत्र्यांचा प्रयोग केला तेव्हा किडा अडला, पण पत्र्यांना लागून असलेले लोखंडी खिळे झपाट्याने झिजले, कारण खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड एकत्र आले की त्यांच्यात विद्युत्‌क्रिया होऊन लोखंड खाल्ले जाते. म्हणून पाण्याखालच्या सळया तांब्याच्या किंवा मिश्रधातूच्या करण्याकडे कल वाढला. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये पत्र्यांवर लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे बसवून तांब्याची झीज थांबवून दाखवली. तथापि, झीज थांबताच पत्र्यांवर शेवाळ आणि शिंपले माजले, कारण विरघळणारे तांबेच त्यांना दूर ठेवत होते. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज फ्रेडरिक मंट्झ यांनी १८३२ मध्ये पेटंट घेतलेला, सुमारे ६० टक्के तांबे आणि ४० टक्के जस्त असलेला पिवळा मिश्रधातू तांब्याहून स्वस्त पडे. त्याने व्यापारी जहाजांवर तांब्याची जागा मोठ्या प्रमाणात घेतली.

या तिन्हींच्या जोडीला जहाजाचा आकारच बिघडवणारा ताण असे. जहाज मध्यभागी रुंद आणि टोकांशी निमुळते असल्याने पाण्याचा उचलता जोर मध्यावर अधिक आणि टोकांवर कमी मिळतो. त्यामुळे जोड सैल होत गेले की दोन्ही टोके खाली झुकून जहाजाची पाठ वर येते.

उघडून पाहणे

डेकवर फिरून आणि रंगाचा ताजेपणा पाहून केलेल्या तपासणीला फारसा अर्थ नव्हता, हे सर्वेक्षकांना पक्के ठाऊक होते. मुदतवाढीसाठीची पाहणी म्हणजे जहाज अंशतः मोडून पाहणे असे. माल आणि स्थैर्यासाठी तळाशी ठेवलेले दगड काढून जहाज सुक्या गोदीत घेतले जाई. तळाचे पत्रे आवश्यक तेथे सोलले जात, दोन्ही अंगांच्या ठरावीक ओळींतील बाहेरच्या फळ्या आणि आतील थराच्या काही फळ्या काढून बरगड्या उघड्या केल्या जात. सर्वेक्षकाने दाखवलेल्या ठिकाणच्या काही लाकडी मेखा आणि धातूच्या सळया ठोकून बाहेर काढल्या जात. बाहेर आलेली सळई मधोमध बारीक झालेली असली, किंवा ओकमधील आम्लामुळे लोखंडाभोवतीचे लाकूड काळे आणि ठिसूळ पडलेले दिसले, तर शेजारच्या न काढलेल्या सळयांची अवस्था काय असेल, याचा अंदाज बांधता येई.

जेथे फळी काढणे शक्य नसे तेथे गिरमिटाने भोक पाडत. गिरमिटाबरोबर येणारा भुसा कोरडा आणि सुगंधी आहे की ओला, तपकिरी आणि चुरा होणारा आहे, यावरून आतल्या लाकडाची अवस्था कळे. हातोडीच्या ठोक्याला खणखणीत आवाज आला तर लाकूड धड आणि बद्द आवाज आला तर संशय धरायचा, ही सर्वांत जुनी कसोटीही चालूच राहिली. सांध्यांतील भरण हत्याराने दाबून पाहिले जाई, पंपांच्या तळाशी किती पाणी साचते ते मोजले जाई आणि कण्याच्या रेषेवर नजर लावून टोके किती झुकली आहेत, हे तपासले जाई. या साऱ्याचा अहवाल लंडनच्या समितीकडे जाई आणि प्रतीचा निर्णय ती समिती करी. यामुळे स्थानिक मालकाच्या दबावातून सर्वेक्षक काही प्रमाणात मोकळा राही.

नोंदवहीत केवळ प्रत छापली जात नसे, तर तळावर पत्रे केव्हा बसवले, त्यांच्याखाली केसांच्या नमद्याचा थर आहे का, डेक नवा केव्हा झाला, मोठी दुरुस्ती केव्हा झाली, हेही संक्षिप्त अक्षरांत दिलेले असे. त्यामुळे दूरच्या बंदरातील व्यापाऱ्यालाही एका ओळीत जहाजाचा पूर्वेतिहास वाचता येई.

डागडुजीचे कसब

दुरुस्तीत सर्वांत नित्याचे काम म्हणजे फळ्यांच्या सांध्यांत भरण घालून ते पाणबंद करणे. जहाजी सुतारांपासून वेगळे असलेले खास कारागीर ते करत. जुन्या दोरखंडांचे पीळ उकलून काढलेले, डांबर मुरलेले तंतू हे त्याचे साहित्य होते. ब्रिटनमध्ये ते उकलण्याचे काम तुरुंगांत आणि अनाथ-गरिबांच्या कार्यगृहांत करून घेतले जाई. जुने भरण आकड्याने ओढून काढायचे, सांधा पाचरीने रुंद करायचा, तंतूंचे वळलेले पेळू बोथट पटाशीसारख्या हत्याराने आणि लांब लाकडी मोगरीने एकावर एक ठासायचे, मग जड मोगरीने ते आणखी आत दाबून वर उकळती राळ ओतायची, असा तो क्रम होता. भरण कमी ठासले तर पाणी शिरते आणि अती ठासले तर फळ्याच बरगड्यांपासून सुटू पाहतात, त्यामुळे कारागीर मोगरीच्या आवाजावरून आणि हाताला जाणवणाऱ्या धक्क्यावरून मोजमाप राखत असे.

कुजलेली फळी बदलताना नवी फळी वाफेच्या लांब पेटीत मऊ केली जाई. त्यासाठी जाडीच्या प्रत्येक इंचाला सुमारे एक तास, असा ठोकताळा होता. गरम असतानाच ती बरगड्यांवर वाकवून आवळली जाई. दोन फळ्यांची टोके जेथे जुळतात ती ठिकाणे एकाखाली एक येऊ नयेत, एकाच बरगडीवर दोन जोड आलेच तर त्यांच्यामध्ये किमान तीन अखंड फळ्या असाव्यात, असा दंडक पाळला जाई, कारण जोड एका रेषेत आले तर सांगाडा तेथेच कमकुवत होतो. त्यामुळे दोन हात कूज काढण्यासाठी कधी कधी वीस फूट फळी काढावी लागे. बिलात लाकडाचा खर्च फुगलेला दिसण्याचे हे एक खरे कारण होते.

सैल झालेल्या जहाजाला नव्या सळया, लोखंडी कोनी आधार आणि आतून तिरके पट्टे देऊन आवळता येई. त्याहून मोठा उपाय म्हणजे जुन्या कवचावर दोन-तीन इंच जाडीच्या फळ्यांचा दुसरा थर चढवणे. यामुळे जहाजाला बळकटी मिळे, पण आतील कूज झाकली जाण्याचा धोका राही. म्हणून आधी उघडून पाहिल्याशिवाय चढवलेला असा थर जाणकारांच्या दृष्टीने संशयास्पद ठरे.

सुकी गोदी नसेल तेथे जहाज रिकामे करून, डोलकाठ्यांच्या शेंड्यांना कप्प्या-दोरखंड लावून त्याला एका कुशीवर झुकवत आणि एकेका बाजूचा तळ उघडा करून काम करत. यात डोलकाठी मोडण्याची आणि जहाज पालथे होण्याची जोखीम असे. स्कॉटलंडमधील लीथचे थॉमस मॉर्टन यांनी १८१९ मध्ये पेटंट घेतलेल्या उताराच्या रचनेत रुळांवरील गाड्याने जहाज पाण्याबाहेर ओढून घेता येई. ती गोदीपेक्षा पुष्कळ स्वस्तात उभारता येत असल्याने छोट्या बंदरांतही तळाची दुरुस्ती शक्य झाली.

दूरच्या बंदरातील निवाडा

मायबंदरापासून हजारो मैल दूर जहाज फुटके होऊन आले, तर कप्तानाला मालकाचा सल्ला घेणे तारयंत्र पसरण्यापूर्वी अशक्यच असे. तो बंदरातील इतर जहाजांच्या कप्तानांना आणि एखाद्या जहाजी सुताराला पाहणीसाठी बोलावी. १८११ पासून लॉइड्स या विमेकऱ्यांच्या संघटनेने नेमलेले प्रतिनिधी अनेक बंदरांत असत, त्यांचाही सल्ला मिळे. पैसा नसेल तर कप्तान जहाजच गहाण टाकून कर्ज काढू शके. जहाज सुखरूप पोहोचले तरच असे कर्ज फेडायचे असल्यामुळे त्याचे व्याज जबर असे. विम्याच्या रिवाजाप्रमाणे दुरुस्तीच्या खर्चातून ‘जुन्याच्या जागी नवे’ मिळाल्याबद्दल एक तृतीयांश रक्कम वजा होऊन मालकाच्या माथी येई. दुरुस्तीचा खर्च दुरुस्त जहाजाच्या किमतीहून अधिक होणार असेल, तर इंग्लिश कायद्यात जहाज पूर्ण नष्ट झाल्याप्रमाणे सोडून देता येई. अमेरिकी प्रथेत किमतीच्या निम्म्याहून अधिक खर्चालाच तो हक्क मिळे. म्हणजे तेच जहाज एका बंदरात दुरुस्त करण्याजोगे आणि महागड्या दुसऱ्या बंदरात निकामी ठरू शके.

दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवरचे स्टॅन्ली बंदर याचे ठळक उदाहरण आहे. केप हॉर्नच्या वादळांत खिळखिळी झालेली जहाजे तेथे आश्रयाला येत, परंतु बेटांवर इमारती लाकडाची झाडे नव्हती, कारागीर मोजके होते आणि सुकी गोदी नव्हती. १८४९ मध्ये लिव्हरपूलला बांधलेले ‘झेलम’ हे जहाज पेरूच्या किनाऱ्यावरून ग्वानो भरून येताना १८७० मध्ये गळक्या अवस्थेत स्टॅन्लीला पोहोचले. पुढे जाण्यास खलाशांनी नकार दिला आणि पाहणीत ते निकामी ठरले. अमेरिकेतील मेन राज्यात १८५१ मध्ये बांधलेले ‘स्नो स्क्वॉल’ हे वेगवान जहाज १८६४ मध्ये खडकाळ सामुद्रधुनीत आपटल्यावर स्टॅन्लीतच निकालात निघाले. अशी जहाजे तरंगती गोदामे म्हणून वापरली गेली किंवा धक्क्याच्या बांधणीत गुंतली. थंड हवामानामुळे त्यांचे सांगाडे टिकले, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांना व्यापारी जहाजांच्या प्रत्यक्ष बांधणीचा व दुरुस्तीचा पुरावा त्यांतून मिळाला.

सागवानाचा अपवाद

मुंबईशी या विषयाचा संबंध सागवानामुळे येतो. जहाजबांधणी करणारे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, १७५० मध्ये येथे पहिली सुकी गोदी झाली आणि १८१० पर्यंत डंकन गोदी पुरी झाली. भरती-ओहोटीतील मोठ्या फरकामुळे येथे गोदीत पाणी भरणे आणि ती रिकामी करणे सोयीचे होते, म्हणून युरोपातून येणारी जहाजेही येथे तळाची दुरुस्ती करून घेत. मलबारच्या सागवानातील नैसर्गिक तेल लाकडाचे कुजण्यापासून रक्षण करते आणि त्यात बसवलेले लोखंड ओकमधल्याप्रमाणे झिजत नाही, त्यामुळे सर्वेक्षकाला ओकच्या जहाजात ज्या दोन ठिकाणी आधी संशय येई, त्या दोन्ही ठिकाणी मुंबईचे जहाज उजवे ठरे. वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे.

कोकणच्या किनाऱ्यावरील गलबतांची देखभाल मात्र कोणत्याही नोंदवहीविना, ऋतुचक्राप्रमाणे चाले. पावसाळ्यापूर्वी गलबत खाडीत ओढून झापांखाली शाकारायचे, तळ खरवडायचा, सांधे कापसाने आणि राळेने भरायचे आणि चुना व तेल किंवा चरबी यांचा लेप द्यायचा, ही रीत होती. येथे मालक, तांडेल (गलबत चालवणारा प्रमुख) आणि सुतार एकाच खाडीकाठचे आणि एकमेकांच्या ओळखीचे असल्यामुळे जहाजाची अवस्था अक्षरांत लिहून कोणाला कळवावी लागत नसे.

खलाशाचा हक्क आणि लोखंडाचे आगमन

नोंदवहीच्या या साऱ्या व्यवस्थेत दीर्घकाळ एक उणीव राहिली. प्रत जोखीम घेणाऱ्या भांडवलाचे रक्षण करत होती, पण प्रत गमावलेले जहाज समुद्रात नेण्यावर तिची बंदी नव्हती, आणि त्यावर चढणाऱ्या खलाशाच्या हाती काहीच नव्हते. १८७१ च्या ब्रिटिश कायद्याने जहाज असुरक्षित असल्याची तक्रार करणाऱ्या खलाशांना पाहणी मागण्याची वाट करून दिली. १८७३ मध्ये असुरक्षित जहाज अडवून ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि खासदार सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या चळवळीनंतर १८७६ च्या कायद्याने भाररेषेची, म्हणजे माल भरल्यावर जहाज कोठवर बुडू द्यायचे ते दाखवणारी, खूण सक्तीची केली. विमेकऱ्यांसाठी विकसित झालेली पाहणी अशा रीतीने माणसांच्या जिवासाठीही वापरली जाऊ लागली.

तोवर लोखंडी जहाजे पुढे सरसावली होती आणि लॉइड्स रजिस्टरने त्यांच्यासाठी १८५५ मध्ये स्वतंत्र नियम केले होते. लोखंडाला लाकडाप्रमाणे जातीवरून आयुर्मर्यादा ठरवून देणे जमेना, म्हणून कालांतराने वर्षांची मुदत मागे पडून ‘ठरावीक काळाने होणाऱ्या पाहणीत जहाज योग्य आढळेपर्यंत प्रत कायम’ हे तत्त्व स्थिरावले. जन्माच्या ठिकाणापेक्षा आणि वयापेक्षा आजची अवस्था महत्त्वाची, असे जहाजमालक १७९९ पासून सांगत होते. त्यांचा हा दावा पूर्णपणे मान्य झाला तो लाकडी जहाजांचा काळ सरत असताना, आणि आजच्या पोलादी मालवाहू जहाजांची प्रतही अशाच ठरावीक मुदतीच्या पाहण्यांवर टिकून असते.